खिळा नसलेल्या भिंती

साखराबाईंनी खांद्यावरची पिशवी काढली, मागे न बघताच भिंतीकडे हात नेला आणि तो हात खुंटी शोधत भिंतीवर नुसता फिरत राहिला. दारामागे, खिडकीशेजारी, मग पार कोपऱ्यापर्यंत. बाई मुखेडहून पहिल्या एसटीने आल्या होत्या. लेकीला लातुरात क्लासला घालायचं होतं आणि त्यासाठी खोली बघायची होती. सिंधुताईंच्या माहेरची लांबची का होईना ओळख, म्हणून होस्टेलं सोडून आधी इकडे आलेल्या. सिंधुताईंचे यजमान शेषेराव दारात उभे राहून खोली किती बाय किती आहे ते सांगत होते, कारण जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस खोलीबद्दल दुसरं काय सांगणार. बाईंचं मापाकडे लक्षच नव्हतं. त्या बैठकीत आल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या, पुन्हा खोलीत आल्या आणि सरळ म्हणाल्या, "या घरात एक बी खिळा न्हाई की हो. पोरीनं कपडे कुठं अडकवायचे?"

शेषेराव काही बोलायच्या आत सिंधुताईंनी उत्तर दिलं. "आमच्यात रिवाज न्हाई तसा." डोळ्यांची पापणी न हलवता म्हणाल्या, आणि लगेच चहाला साखर किती घालू असं विचारलं. बाईंनी पिशवी मांडीवर घेऊन चहा प्यायला, घरी विचारून कळवते म्हणाल्या, आणि त्या कळवणार नाहीत हे तिघांनाही त्याच वेळी समजलं. फाटकापर्यंत त्यांना सोडून शेषेराव परत आले तेव्हा सिंधुताई कपबशा विसळत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. खोली गेल्याचं दुःख शेषेरावांनाही नव्हतं, लातुरात रिकाम्या खोलीला गिऱ्हाईक मिळायला पंचांग बघावं लागत नाही. त्यांना टोचलं ते निराळंच. 'आमच्यात रिवाज न्हाई' हे वाक्य सुचायला सिंधूला क्षणसुद्धा लागला नव्हता. म्हणजे ते तयार होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं होतं. किती जणांना सांगितलं असेल हिने? वीज मीटर बघायला येणाऱ्याला, स्वतःच्या बहिणींना, आपल्या लेकीच्या, ऋतुजाच्या, मैत्रिणींच्या आयांना? आणि आपण त्या वेळी कुठे होतो? बहुतेक कुणाच्या तरी बांधावर, साखळी धरून, उघड्या आभाळाखाली.

त्या दुपारी ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे फिरले. गल्लीत सगळीकडे चार-चार मजली होस्टेलं उठली होती, बाल्कन्यांत मुलींचे टॉवेल वाळत होते, आणि मधोमध यांचं एकमजली, वर पत्रे टाकलेलं घर. स्लॅब टाकला नव्हता. उन्हाळ्यात घराचा तवा व्हायचा, तरी टाकला नव्हता. घरात पोटमाळा नव्हता, कोनाडा नव्हता, उभं कपाट नव्हतं. कपडे पेट्यांमध्ये आणि पेट्या जमिनीवर. देव चौरंगावर, चौरंग जमिनीवर. आरसा एका बुटक्या स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे सिंधुताई बसूनच कुंकू लावायच्या, आणि लग्नानंतर कधी त्यांनी उभ्याने आरशात पाहिलं असेल तर ते दुसऱ्याच्या घरी. कॅलेंडर टेबलावर आडवं. ऋतुजाची बक्षिसं पेटीत. वायरमनने बसवलेले दिवे आणि बटणांचे बोर्ड सोडले तर या भिंतींना घर बांधल्यापासून कुणी धक्का लावला नव्हता. इतकी वर्षं शेषेरावांना हे घर साधं, नीटनेटकं वाटत आलं होतं. साध्या राहणीचा थोडा अभिमानही होता म्हणा ना. आणि एका अनोळखी बाईच्या हाताने ती सगळी साधी राहणी घटकेत उघडी पाडली. हे घर साधं नव्हतं. हे घर भ्यालेलं होतं.

भ्यालेलं, हे त्यांनी मनातल्या मनात प्रथमच कबूल केलं, आणि मग किल्लारी आली. ती येतेच. येऊ नये म्हणून इतकी वर्षं जे जे केलं ते सगळं या भिंतींवर दिसत होतं, म्हणजे दिसत नव्हतं. त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव झोपलं तेव्हा शेषेराव आणि त्यांचे वडील रानात, उडदाच्या खळ्यावर राखणीला होते. म्हणून वाचले. घरात आई एकटी. तिच्या घराच्या भिंती हातभर जाड, दगडमातीच्या, आणि त्यातल्या एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी. फळीवर तिची भांडी. घागरी, तांबे, पराती, डबे, एकावर एक रचलेल्या वाट्या, चिंचेने घासून लखलखीत केलेल्या. पै-पाहुणा आला की आधी फळीकडे बघायचा आणि मग आईकडे, आणि आई उगाचच पदर सावरायची. उजाडल्यावर बापलेक हाताने उकरायला लागले. दगड, माती, मग पुन्हा दगड. आणि मग भांडी लागायला लागली. हाताला काही गार लागलं की काळजात धस्स व्हायचं, माती बाजूला सारली की परात निघायची. पुन्हा गार काही, पुन्हा तांब्या. चेपलेला, चपटा. माणूस लागेना आणि भांडी संपेनात. सव्वीस वर्षांच्या शेषेरावांना त्या सकाळी भूकंपाचा राग आला नाही, देवाचाही आला नाही, त्या भांड्यांचा आला. बाई, तुला एवढी भांडी कशाला लागत होती, असं ते मोठ्याने ओरडले असं वडील नंतर सांगायचे. त्यांना स्वतःला ते आठवत नव्हतं. आठवायचं ते फक्त बोटांना लागलेलं गार तांबं.

साखराबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी न्याहारीला भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी जाहीर केलं की ऋतुजाची खोली भाड्याने द्यायची नाही. सिंधुताईंनी विचारलं की मग तिथे काय करणार, आणि ते म्हणाले की सुतारकाम करणार. कुणाचं, असं त्यांनी विचारलं, कारण बायकोला पहिला प्रश्न हाच पडतो. कुणाचंच नाही, हौसेचं. यावर सिंधुताई बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या की करा बापडे, पण भुसा घरात आला तर झाडू तुमच्या हातात. हौस काही आकाशातून पडली नव्हती. पोरपणी किल्लारीत शेषेराव सुताराच्या छपरात तासन्‌तास बसायचे, रंध्याखालून निघणारा लाकडाचा कीस नाकाला लावायचे, आणि आठवीत असताना त्यांनी हाताएवढी बैलगाडी केली होती, चाकं फिरणारी. पुढे नोकरी अशी धरली की छपराखाली बसायला नको. तो सुताराचा वास मात्र कुठे तरी शिल्लक होता. पण सगळं खरं त्यांनी सिंधूला सांगितलं नाही. त्यांना त्या खोलीत रंधा मारायचा होता हे खरं, खुर्ची-स्टूल करायचं होतं हेही खरं, पण मुळात त्यांना एक भिंत हवी होती. दार लावून, कुणी बघत नसताना जिला खिळा ठोकता येईल अशी एक भिंत. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस एका खिळ्यासाठी अख्खी खोली अडवतो हे कुणाला सांगितलं असतं तर साठी बुद्धी नाठी असंच ऐकावं लागलं असतं. तसं ते लागलंच. नागपूरला मेडिकलला असलेली ऋतुजा फोनवर हसत सुटली, मग व्हिडिओ बघून करा, बोटं सांभाळा म्हणाली. शेजारच्या होस्टेलचे मालक वैजनाथराव फाटकात उभे राहून म्हणाले, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. शेषेराव हसले. भिंतीला काही लावता येणं हीच तर गोष्ट होती, पण ते वैजनाथरावांना काय कळणार.

खोली रिकामी करायला आठवडा गेला. ऋतुजाची पुस्तकं, तिचा पलंग, पलंगाखाली सापडलेली एक चप्पल. मग ते राजशेखर अप्पांच्या लाकडाच्या वखारीत गेले. अप्पा कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसलेले असत आणि गिऱ्हाईक काय बनवणार ते ऐकल्याशिवाय लाकूड दाखवत नसत. काम करायचं टेबल बनवतो असं शेषेरावांनी सांगितल्यावर अप्पांनी पायांसाठी साधे, मनगटाएवढे तुकडे काढले. शेषेरावांनी मान हलवली. त्यांना बाभूळ हवी होती, आणि मांडीएवढी जाड. अप्पा म्हणाले की टेबलावर काय हत्ती बसवणार आहात काय, पण दिली. ऑटोवाल्याने ते ओंडके बघून भाडं वाढवून मागितलं. पुढचे पंधरा-वीस दिवस शेषेराव त्या टेबलाशी झगडत होते. बाभूळ करवतीला दाद देत नाही, रंध्याचं पातं खाते, हाताला फोड आणते. पण त्यांना त्या झगड्यात सुख होतं. सकाळी चहा झाला की दार लावायचं आणि बाहेर क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली, डाळ मिलचा भोंगा, भाजीवाल्याची हाळी ऐकत काम करायचं. मनात एकही विचार नसायचा, निदान त्यांना तसं वाटायचं. नमनालाच घडाभर तेल चाललंय असं सिंधुताई म्हणायच्या, कारण अजून टेबलच होत होतं, टेबलावर करायचं काम लांबच.

टेबल झालं त्या दिवशी त्यांनी सिंधूला हाक मारली. त्या ओल्या हाताने आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली, पायांवर हात फिरवला. मग गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने वाकल्या आणि टेबलाच्या खाली बघत राहिल्या. खाली काहीच नव्हतं. आडवी पट्टी नव्हती, खण नव्हता, पाय कडेकडेला सारलेले, मध्ये मोकळी जागा. त्या सावकाश सरळ झाल्या. "दोघं मावतो की आपुन हिच्याखाली," त्या म्हणाल्या. "गुडघं जवळ घेऊन बसलं तर." आणि त्या गेल्या. शेषेराव टेबलासमोर उभे राहिले. टेबलाची फळी त्यांच्या छातीला लागत होती. एवढ्या उंचीवर रंधा मारायचा म्हटलं तर विटांवर उभं राहावं लागलं असतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीत वीतभर इकडची तिकडे होऊ न देणारा माणूस स्वतःच्या टेबलाचं माप चुकतो म्हणजे काय? चुकला नव्हता. हातांनी बरोबर माप घेतलं होतं, माणूस बसेल एवढ्या उंचीचं. वीस दिवस मनात विचार नव्हता असं वाटत होतं, आणि हात आपले गुमान लपायची जागा बांधत होते. त्यांना शरमल्यासारखं झालं. त्यांनी चारही पाय खालून कापून कंबरेइतके खाली आणले, मध्ये जाड आडव्या पट्ट्या मारल्या आणि तिथे कुणालाही बसता येणार नाही असं केलं. कापायला घडवण्यापेक्षा जास्त जोर लागला.

आता टेबल होतं, पण हत्यारं जमिनीवर. करवत एका गोणपाटावर, पटाश्या एका पाटीत, काटकोन बघायचा गुण्या भिंतीच्या बुडाशी. प्रत्येक वेळी वाकायचं, शोधायचं, उठायचं. एकदा मागे सरकताना पटाशीवर पाय पडला आणि टाच चिरली. सिंधुताईंनी हळद दाबून बांधली, बांधताना स्वतःच्या गुडघ्यावर एकदा हात दाबला. तो हात शेषेरावांनी पाहिला. आपण महिनाभर वाकून बेजार झालो, ही लग्न झाल्यापासून वाकते आहे. पिठाचा डबा खाली, डाळीचे डबे खाली, तेल खाली, तिखट खाली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने मागितली होती एक फळी. ओट्याच्या वर, फार नाही, हातभर लांब. तेव्हा त्यांनी नको म्हटलं होतं, तिने दुसऱ्यांदा विचारल्यावर ताटावरून उठून गेले होते. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. त्यांना वाटलं होतं की तिची हौस फिटली. आता डॉक्टर तिला जमिनीवर बसू नका, वाकू नका सांगतात आणि ती होय होय म्हणून घरी येऊन पिठाच्या डब्यापुढे वाकते. हळदीने टाच झोंबत होती आणि ते मनाशी म्हणाले की खिळा आता आपल्यासाठी नाही. सिंधूला फळी पाहिजे.

भिंतीला भोक पाडायचं यंत्र त्यांनी विकत आणलं आणि दोन दिवस तसंच खोक्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दार लावलं, विटेच्या भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली आणि बटण दाबलं. आवाजाचं काही नव्हतं, डाळ मिलच्या गावात आवाजाला कोण भितं. पण टोक भिंतीत शिरलं आणि भिंत थरथरली. यंत्रातून हातात, हातातून खांद्यात, खांद्यातून दातांपर्यंत ती थरथर आली आणि शेषेरावांना कळायच्या आत ते अंगणात होते. अनवाणी, जखमी टाचेवर, श्वास फुललेला. बटण अडकून राहिलेलं यंत्र आत जमिनीवर गुरगुरत पडलेलं. समोरच्या होस्टेलच्या बाल्कनीत एक मुलगी पुस्तक हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी उगाच तुळशीला पाणी घातलं. मग आत गेले, यंत्र उचललं, आणि पुन्हा त्याच फुलीवर टोक ठेवलं. या वेळी अंगणात जाण्यापूर्वी दारात थांबले. मग पुन्हा. भोक पुरं होईपर्यंत कितीदा दारापर्यंत गेले ते त्यांनी मोजलं नाही. लाल विटेची भुकटी जमिनीवर पडली होती. त्यांनी चिमटीत घेतली, कोरडी, साधी भुकटी होती. ही भिंत त्या भिंतीची कुणी लागत नव्हती. ती दगडमातीची, ही भाजलेल्या विटांची, सिमेंटमध्ये बांधलेली, आणि त्यांनी स्वतः उभं राहून पाणी मारून घेतलेली. हे सगळं त्यांना आधीही माहीत होतं. पण माहीत असणं निराळं, आणि बोटाला कळणं निराळं. त्या दिवशी त्यांनी स्क्रू बसवला, त्याला हातोडी अडकवली, आणि तिच्या खाली स्टूल ओढून बसले. घाम गळत होता. हातोडी हलली नाही. आठवड्याभरात त्या भिंतीवर करवत होती, गुण्या होता, पटाश्या ओळीने होत्या. खोली आता सुताराची दिसायला लागली, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, शेषेराव कधी कधी काम नसतानाही त्या भिंतीकडे बघत उभे राहायचे.

फळी मात्र त्यांनी सावकाश केली. अप्पांकडून जुन्या सागवानाची पट्टी आणली, एकही गाठ नसलेली. दोन्ही कडा गोल केल्या, म्हणजे हाताला लागणार नाही. पुढच्या बाजूला बोटभर उंच कठडा लावला, म्हणजे डबा सरकणार नाही. तीन वेळा रंधा मारला, तीन वेळा पॉलिश. भिंतीसाठी दोन ब्रॅकेट पुरले असते, त्यांनी चार घेतले. सोमवारी सिंधुताई महादेवाच्या देवळात गेल्या की तासाभराची फुरसत मिळायची, त्या वेळात त्यांनी ओट्यावर फळी बसवली. भोकं पाडताना एकदाही दाराकडे गेले नाहीत. स्क्रू आवळले, फळीला लोंबकळून बघितलं, फळी तसूभर हलली नाही. मग सिंधूचे डबे एकेक उचलून वर मांडले. डाळीचे, साखरेचा, पोह्यांचा. शेवटी तिच्या माहेरचा तांब्याचा हंडा, जो पेटीमागे पोत्यात गुंडाळलेला असायचा, तो त्यांनी स्वतः घासला आणि मधोमध ठेवला. हंडा हातात धरल्यावर बोटं क्षणभर थबकली, पण ठेवला. मग त्याच्या खाली उभे राहून वाट बघत राहिले. त्यांना फार आनंद झाला होता. मुलगी मेडिकलला लागली त्या दिवशी झाला होता तसा.

सिंधुताई आल्या, हातात बेलाचं पान होतं. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. फळी बघितली, डबे बघितले, हंडा बघितला. चेहऱ्यावर काय आलं ते शेषेरावांना आधी समजलंच नाही. पाय धुऊन आल्या तरी त्या आत येईनात. ते म्हणाले, ये की, हात पुरतो का बघ. त्यांनी मान हलवली.

"माझ्या डोक्यावर नगं," सिंधुताई म्हणाल्या. "तेवढं काढा."

शेषेरावांना वाटलं थट्टा करते आहे. त्यांनी लोंबकळून दाखवलं, चार ब्रॅकेट मोजून दाखवले, भिंत विटेची आहे हे सांगितलं. मग त्यांचा आवाज चढला. पहिल्या वर्षी तूच मागितली होतीस ना, दोनदा मागितलीस. मुखेडात तर तुझ्या एक भिंत पडली नाही, तुला कशाचं भ्या?

"मागितली होती. तवा मला भ्या वाटत नव्हतं." सिंधुताई दाराच्या चौकटीला धरून बोलत होत्या, आणि आवाज अगदी रोजचा होता. "तुमच्या शेजारी झोपून झोपून शिकले. तुमी झोपंत भिंतीला हात लावून बघता. आता मी बी बघते. तुमी घोरायला लागलाव की मग मला झोप लागती."

शेषेराव हात खाली सोडून उभे राहिले. त्यांना वाटायचं की ती भीती आपल्या एकट्याची आहे, आणि ती आपण एकट्याने वागवली, कुणावर आदळआपट केली नाही, म्हणून जरा बरंच वाटायचं. आणि ती भीती रोज रात्री वीतभर अंतर ओलांडून या बाईच्या अंगात जात होती. मुखेडच्या उघड्या, बिनघोर घरातून आलेली बाई. लग्नात तिने ओट्यावर चढून माळ्यावरची चाळण काढली होती ते त्यांना आठवलं, आणि सगळे हसले होते. काढतो म्हणावं असं ओठांवर आलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की ही फळी काढली तर ती पुन्हा कधी बसणार नाही, आणि ही बाई मरेपर्यंत वाकत राहील. "काढणार न्हाई," ते म्हणाले. "तू नको उभी राहू हिच्याखाली. मी राहतो."

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात शेषेराव. चहा त्यांचा, भात त्यांचा, वरणाला फोडणी त्यांची. सिंधुताई दारात खुर्ची टाकून बसत आणि सांगत, आच कमी करा, मोहरी तडतडू द्या, मीठ पडलं नाही. डाळ दोनदा करपली. भाकरी जमली नाही ती नाहीच, ती सिंधुताई अंगणात शेगडीवर थापत. वैजनाथराव एकदा भिंतीपलीकडून डोकावले आणि सुतारकी सोडून आता आचारी झालात काय असं विचारून गेले. शेषेराव फळीखाली उभे राहून कांदा चिरत, डबा हाताने वर चाचपून काढत आणि परत ठेवत. आधी त्यांना पाठीत, मानेच्या खाली, हंडा असल्याचं सारखं जाणवायचं. मग कांदा चिरताना विसरायला झालं, मग आमटी ढवळताना. आठव्या-दहाव्या दिवशी ते वर न बघता साखरेचा डबा काढून चहात साखर टाकत होते, आणि सिंधू काही बोलत नाही म्हणून त्यांनी मागे बघितलं. सिंधुताई खुर्चीवरून उठल्या होत्या. ओट्याच्या टोकाशी, फळी जिथे संपते तिथून हातभर अलीकडे उभ्या होत्या आणि मान वर करून फळी बघत होत्या. "लई उंच झाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला केली. माझा हात न्हाई पुरायचा."

शेषेरावांनी गॅस बंद केला. खरं होतं, फळी स्वतःच्या उंचीला बसवली होती. पुन्हा माप चुकलं होतं. किती खाली घेऊ म्हणून त्यांनी विचारलं. सिंधुताईंनी अंगठा आणि करंगळी ताणून भिंतीकडे दाखवलं, एक वीत. मग शेषेरावांनी सगळे डबे खाली उतरवले, हंडा उतरवला, स्क्रू सोडवले. भिंतीवर रिकामी भोकं राहिली. खाली फुल्या मारल्या, यंत्र आणलं, भोकं पाडली. सिंधुताई ओट्याच्या टोकाशी तशाच उभ्या होत्या. ब्रॅकेट बसले, पण फळी जड सागवानाची, एक माणूस धरून दुसऱ्याने आवळायला हवी. पहिल्या वेळी त्यांनी डोकं लावून, खाली डबे रचून एकट्याने केलं होतं. आता त्यांनी तसं केलं नाही. फळी हातात घेऊन ते थांबले आणि सिंधूकडे बघत राहिले. गल्लीतून क्लासची पोरं ओरडत गेली. सिंधुताईंनी पदर खोचला, दोन पावलं पुढे आल्या, आणि हात वर करून फळी दोन्ही तळव्यांवर घेतली. डोक्याच्या बरोबर वर. त्यांचे डोळे मिटलेले होते. "लवकर करा," त्या म्हणाल्या. "हात दुखायलेत."

शेषेराव लवकर करत नव्हते. एकेक स्क्रू पूर्ण बसेपर्यंत आवळत होते, मग पुढचा. त्यांच्या कोपराला तिचा खांदा लागत होता आणि तो थरथरत होता, आणि या थरथरीला ते भ्याले नाहीत. शेवटचा स्क्रू बसला. पेचकस खाली ठेवून ते म्हणाले, "सोड आता."

सिंधुताईंनी डोळे उघडले. एक हात काढला, तो मुठीत मिटून छातीशी धरला. दुसरा तसाच वर, फळीला टेकवलेला. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. शेषेराव थांबले, तिच्या शेजारी, फळीखाली, आणि ती हात काढेपर्यंत तिथून हलायचं नाही असं त्यांनी ठरवलं.